जन्मदर कोणत्या वर्षाचा धरलात?

ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. हाच वेग कायम धरला तर एका पेशीची प्रजा दोन दिवसांत पृथ्वीपेक्षा जड भरेल! आमच्या पंचवटीत रामकुंडातही जिवाणू आहेत. नाशिक अजून जागेवर आहे. अन्न संपतं, जागा संपते, वेग मंदावतो. बेल्जियन गणिती फेरहुल्स्टने १८३८ मध्ये ही मर्यादा समीकरणात घातली.

मुस्लिम लोकसंख्येचे फॉरवर्ड मात्र पहिल्याच गृहीतकावर चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होतं, २०१९-२१ मध्ये २.३६. मुलगी शाळेत टिकली की आकडा उतरतो, धर्म कोणताही असो. मी वाद घालत नाही. पाठवणाऱ्याला एवढंच विचारतो, भाऊ, जन्मदर कोणत्या वर्षाचा धरलात?