नंबर छापलात, आता फॅक्सही घ्या!

संस्थेच्या, मंडळाच्या किंवा पेढीच्या लेटरहेडवर उजव्या कोपऱ्यात 'दूरध्वनी / फॅक्स : ०२३०' असे छापून पुढे नंबर दिलेला असतो. मजकूर कधीकाळी एकदा ठरला आणि पुढे प्रेसवाल्याला 'मागच्यासारखेच छापा' एवढेच सांगितले गेले. फॅक्सचे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेले. कोणी आठवण केली तर 'आता कोण फॅक्स करतंय?' म्हणून विषय संपवला जातो. आम्ही कारकुनी पेशातली माणसे या गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. दिलेल्या पत्त्यावर टपाल आले आणि ते कोणी घेतले नाही, म्हणून ते आलेच नाही असे होत नाही. छापलेल्या फॅक्स नंबराचेही तसेच आहे.

हे आमच्या पदरचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली 'एसआयएल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स' या खटल्यात याच मुद्द्यावर निकाल दिला आहे. बंगलोरच्या एका रेशीम निर्यातदाराने अमेरिकेतल्या कंपनीला माल दिला, त्यापोटी मिळालेले चेक वटले नाहीत. निर्यातदाराने जून १९९६ मध्ये पैशाच्या मागणीची नोटीस फॅक्सने पाठवली आणि तीच रजिस्टर पोस्टानेही टाकली. पोस्टाची प्रत साधारण दोन आठवड्यांनी पोहोचली. चेकच्या कायद्यात, म्हणजे कलम १३८ आणि १४२ मध्ये, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि ते न दिल्यास पुढच्या एका महिन्यात फिर्याद करावी लागते. फिर्याद ऑगस्टमध्ये दाखल झाली. पोस्टाची तारीख धरली तर ती मुदतीत बसत होती, फॅक्सची तारीख धरली तर उशिरा होती. न्यायालय म्हणाले, फॅक्सने आलेली नोटीस ही लेखी नोटीसच आहे आणि मुदत तेव्हापासूनच चालू झाली. निर्यातदाराची फिर्याद रद्द झाली. म्हणजे ज्याने फॅक्स केला, त्याच्याच अंगावर तो फॅक्स आला!

आमचे कबनूर इचलकरंजीला लागून आहे. सूत, कापड आणि चेक यांचा हिशेब इथे शाळकरी पोरालाही समजतो. त्यामुळे या निकालाचा अर्थ अधिक फोड करून सांगायला नको. यंत्र चालू होते की बंद, कागद संपला होता की काय, हा वाद पुढचा. तुमच्या नंबरावर फॅक्स पोहोचला असे समोरच्याने दाखवले, की मुदतीचा काटा फिरू लागला.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा सांगणारे पत्र राज्यपालांकडे फॅक्सने पाठवण्याचा प्रयत्न केला. फॅक्स काही जाईना. त्यांनी ते पत्र ट्विटरवर टाकले. त्याच संध्याकाळी राज्यपालांनी विधानसभा बरखास्त केली. त्या दिवशी ईदची सुट्टी होती, फॅक्स बघायला कोणी नव्हते, असा खुलासा राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर केला. राजभवनाची ही गत, तर आपल्या मंडळाच्या कार्यालयाचे काय घेऊन बसलात?

तेव्हा दोनच मार्ग उरतात. नंबर खोडून टाकायचा किंवा फॅक्स घेण्याची नीट व्यवस्था करायची. व्यवस्थेसाठी नवे यंत्र विकत घ्यावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विंडोज १० ची कंपनीकडून मिळणारी सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक घरांतले धडधाकट संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्याआधीचे विंडोज ७ चे, एक्सपीचे संगणकही काही घरांत चादरीखाली झाकलेले आहेत. फॅक्स घेण्याच्या कामाला असा संगणक पुरून उरतो. फक्त त्याला इंटरनेट जोडू नये, टेलिफोनची तार तेवढी जोडावी.

पहिली अडचण मॉडेमची येते. इंटरनेटसाठी मिळालेला ब्रॉडबँडचा डबा म्हणजे फॅक्स मॉडेम नव्हे. दुकानदारही इथे घोटाळा करतात, म्हणून स्पष्ट सांगतो. हवा तो जुना डायल-अप मॉडेम, ५६ के म्हणून ओळखला जाणारा. २००० सालच्या आसपासच्या बहुतेक संगणकांत तो आतच बसवलेला असे. संगणकाच्या पाठीमागे टेलिफोनची पिन बसेल अशी दोन छिद्रे शेजारी शेजारी दिसली, तर तो तिथे आहे असे समजा. 'लाइन' लिहिलेल्या छिद्रात भिंतीकडून येणारी तार जाते आणि 'फोन' लिहिलेल्या छिद्रात आपला टेलिफोन. उलट जोडले तर फॅक्स येणार नाही. आत मॉडेम नसेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा मॉडेम जुन्या बाजारात मिळतो. घेताना त्यावर 'फॅक्स' हा शब्द आहे ना, ते पाहावे.

दुसरी अडचण लाइनची, आणि ती जास्त मोठी आहे. फॅक्सचे सगळे संभाषण आवाजात चालते. पाठवणारे यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद शिटी देते, घेणारे यंत्र एक लांब, कर्कश शिटी देऊन ओ देते, आणि मग दोघे किती वेगाने बोलायचे ते ठरवतात. जुन्या तांब्याच्या तारेवर हे सुरळीत चालते. आता लँडलाइन बऱ्याच ठिकाणी फायबरवर गेली आहे. तिथे आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटसारखे पाठवले जातात. माणसाचे बोलणे त्यातून छान ऐकू येते, पण फॅक्सच्या शिट्या अर्ध्यात तुटतात. फायबर असेल तर पाठवणाऱ्याला वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणायला सांगून पाहावे, बऱ्याचदा जमते. मोबाइलच्या सिमवर मात्र हा नाद करू नये. लाइनवर 'कॉल वेटिंग'ची सोय असेल तर ती बंद करून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या फोनची टुकटुक मध्ये येऊन पान फाटते.

प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही. एक्सपीमध्ये फॅक्सची सोय असते, पण ती आपोआप बसत नाही, कंट्रोल पॅनेलमधून विंडोजचे घटक वाढवून बसवावी लागते. विंडोज ७ आणि १० मध्ये 'विंडोज फॅक्स अँड स्कॅन' नावाचा प्रोग्रॅम असतो. तो उघडून 'टूल्स'मध्ये फॅक्सचे खाते तयार करायचे, मॉडेम निवडायचा आणि फोन कोणी उचलायचा ते सांगायचे. आपोआप उचलायला सांगितले तर पाच रिंगांनंतर संगणक उचलतो. घरच्या आणि फॅक्सच्या फोनची लाइन एकच असेल तर हा पर्याय नको. आत्याबाईंनी फोन केला आणि कानात कर्कश शिटी वाजली की घरात भांडण ठरलेले. त्यापेक्षा घरातल्यांनी फोन उचलावा, थांबून थांबून येणारी शिटी ऐकू आली तर संगणकावर 'रिसीव्ह अ फॅक्स नाऊ' दाबावे आणि मगच रिसीव्हर ठेवावा. आठवी-नववीतली मुले हे एका दिवसात शिकतात, मोठ्यांना चार दिवस लागतात. लिनक्सवर हायलाफॅक्स नावाची उत्तम व्यवस्था आहे, पण घरगुती कामाला तो पसारा फार होतो.

संगणक झोपी जाऊ नये, ही काळजी घ्यावी. 'स्लीप' बंद ठेवावे, पडदा बंद असला तरी चालतो. वीज गेली तर संगणकासह फॅक्सही बंद. म्हणून छोटा यूपीएस हवाच. शिवाय वीज परत आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बहुतेक यंत्रांच्या बायोसमध्ये असते, ती लावून घ्यावी.

आता आपल्या मराठीविषयी. फॅक्स म्हणजे कागदाचे चित्र. त्याला फाँट लागत नाही. ज्या काळात एका संगणकावरचे मराठी दुसऱ्या संगणकावर ठोकळे होऊन उघडत असे, त्या काळात हाताने लिहिलेले निवेदन सही-शिक्क्यासह जसेच्या तसे मंत्रालयात पोहोचायचे ते या गुणामुळेच. पण एक मेख आहे. साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये उभ्या मिलिमीटरला चारहून कमी रेघा असतात. इंग्रजी अक्षर त्यात वाचता येते. आपले रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार मात्र गळतात किंवा चिकटतात. 'फाइन' प्रतीत रेघा दुप्पट होतात. मराठी कागद पाठवणाऱ्याला 'फाइनवर ठेवून पाठवा' असे फोनवरच सांगावे. वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या.

संगणकावर घेण्याचा खरा फायदा कागद टिकण्याचा आहे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या कपाटांत १९९० च्या दशकातल्या फाइली आहेत. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, मंत्रालय यांच्याकडून आलेली उत्तरे गुळगुळीत गुंडाळीच्या कागदावर उतरलेली, टाचणी लावून ठेवलेली. आज उघडून पाहिले तर पुष्कळ पाने पांढरीफटक. तो कागद उष्णतेने उमटणारा होता, उजेडाने आणि काळाने पुसला गेला. ज्यांनी तेव्हाच झेरॉक्स काढून ठेवली, त्यांचा पुरावा वाचला. संगणकावर आलेला फॅक्स चित्राच्या फाइलीत राहतो, साध्या कागदावर छापता येतो. आला की त्याच दिवशी छापावा, आवक नोंदवहीत क्रमांक, तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर आणि पानांची संख्या लिहावी. मूळ फाइलीला हात लावू नये, तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. प्रकरण कोर्टात गेले तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. तो मसुदा वकिलाकडून करून घ्यावा, घरी करू नये.

आणि जुन्या संगणकाचे घड्याळ! आतली नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली असते आणि वीज गेली की तारीख पंधरा-वीस वर्षे मागे जाते. असल्या संगणकावर आलेल्या फॅक्सची नोंदही त्याच खोट्या तारखेची होणार. पानाच्या डोक्यावर जी तारीख-वेळ छापून येते ती पाठवणाऱ्याच्या यंत्रातली असते, तिच्यावर आपला ताबा नाही. निदान आपली तारीख तरी खरी हवी. बॅटरी घड्याळजीकडेही मिळते. ती बदलावी, तारीख लावावी आणि आठवड्यातून एकदा मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावी.

सगळे जोडून झाल्यावर ज्याच्याकडे फॅक्स आहे अशा कोणाला तरी दोन पाने पाठवायला सांगा. एक छापील, दुसरे निळ्या पेनाने हाताने लिहिलेले, त्यात 'कर्ज', 'कुटुंब', 'कुंभार', 'वर्गणी', 'पूर्ण' असे शब्द. एकदा साध्या प्रतीत, एकदा फाइनमध्ये. रफार आणि अनुस्वार जागेवर दिसले तर लेटरहेडवरचा नंबर राहू द्या. दोन-तीनदा करूनही पान अर्ध्यातच तुटत असेल, तर पुढच्या छपाईच्या वेळी प्रेसवाल्याला फॅक्सची तेवढी ओळ काढायला सांगा आणि शिल्लक लेटरहेडांवर ती पेनाने खोडून घ्या.