खिडकी चौरस फुटात मोजू नका

फोर्टातल्या एका शंभरी ओलांडलेल्या इमारतीच्या विश्वस्तांनी मला बोलावलं, तेव्हा निर्णय जवळजवळ होऊन गेला होता. कंत्राटदाराच्या अहवालात खिडक्यांबद्दल एकच वाक्य होतं: सर्व कुजल्या आहेत, बदलाव्या लागतील. साठेक खिडक्या होत्या. मी दोन दिवस शिडी लावून एकेक झडप तपासली. कुजलेल्या होत्या त्या बहुतेक एकाच बाजूच्या, आणि त्यांचीही फक्त खालची आडवी पट्टी गेलेली. वरच्या मजल्यावरच्या एसीच्या नळीतून वर्षानुवर्षं त्यांच्यावर पाणी ठिबकत होतं.

एक झडप खाली उतरवली. रंगाचे थर तापवून खरवडले. हिरवा, मग करडा, मग तपकिरी, आणि त्याखाली बर्मा साग. शिरा सरळ, नख रुतत नव्हतं. पट्टीच्या टोकाचं कुसू खोबणीत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली, एक खिळा नाही. खुंटी काढली, कुजलेली पट्टी सुटी झाली, नवी पट्टी घडवून बसवली, खुंटी पुन्हा ठोकली. दीड दिवसाचं काम. ज्या सुताराने ही खिडकी केली, त्याला ठाऊक होतं की कधीतरी दुसऱ्या सुताराला ती उघडावी लागेल. त्याने माझी सोय करून ठेवली होती.

अहवाल लिहिणाऱ्याने एकाही झडपेला हात लावला नव्हता. त्याची शिफारस होती लाकडी रंगाच्या, सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची. ही सरळसरळ लबाडी आहे आणि मुंबई-पुण्यात ती रोज चालते. चांगलं लाकूड भंगारात जातं, त्याच्या जागी दुरुस्तच न होणारी वस्तू येते, आणि बिल 'जीर्णोद्धार' या नावाने निघतं.

या रोगाचं मूळ दरपत्रकात आहे. निविदेत खिडकीचा दर चौरस फुटावर मागतात. कुसू किती लांब, खोबण किती खोल, लाकडाच्या कापलेल्या टोकांना रंगाआधी जवसाचं तेल पाजलं की नाही, यातलं काहीही चौरस फुटात येत नाही. त्यामुळे हे सगळं नीट करणाऱ्याचा दर चढा दिसतो आणि काम न करणाऱ्याला मिळतं. वास्तुविशारद नकाशाच्या कोपऱ्यात 'मूळ खिडकीप्रमाणे' असं लिहून मोकळा होतो. मूळ खिडकीचं माप कोणी घेतलं? जुन्या झडपेत काचा धरणारी पट्टी अनेकदा पाऊण इंचाची असते. त्या बारीक रेघांमुळे दगडी भिंत हलकी वाटते. तिथे दोन-अडीच इंची प्लास्टिकची नळी आली की अख्ख्या इमारतीचा चेहरा जड होतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण बिघाड त्यालाही दिसतो.

मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले 1995 साली, देशात सर्वांत आधी. 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. एवढं सगळं असूनही रविवारी दुपारी कोणी जुनी खिडकी उखडून नवी ठोकली, तर सोमवारी विचारायला येणारा माणूस मी तरी तीस वर्षांत पाहिलेला नाही. कळस, कमानी, घड्याळाचे मनोरे यांवर परिसंवाद होतात. खिडकीला मात्र कोणी वाली नाही.

लोकांच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. लाकूड फुगतं. पण ते आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. वाळलेलं लाकूड घेतलं आणि झडपेभोवती तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडली, तर ती जुलैतही लागते. मे महिन्यात कच्च्या लाकडाची झडप घट्ट बसवणाऱ्या सुताराच्या पापाचं खापर लाकडावर का फोडता?

डास येतात, हॉर्नचा आवाज येतो, पाणी आत येतं, हेही खरं. त्याला आजचे उपाय आहेत आणि ते लाकडातच होतात. चौकटीच्या खाचेत रबराची बारीक पट्टी बसवली की फट बंद होते. खालच्या पट्टीच्या पोटात एक खाच पाडली की पाण्याचा थेंब तिथेच तुटून बाहेर पडतो. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये पातळ पडदा घालून केलेली 6.38 मिलिमीटरची लॅमिनेटेड काच जुन्या बारीक पट्टीतही, खाच थोडी खोल केली की बसते, आणि साध्या काचेपेक्षा आवाज कितीतरी अडवते. मधे पोकळी असलेली दुहेरी काच मात्र इथे नको, तिच्यासाठी पट्टी जाडजूड करावी लागते. डासांची जाळी आतून वेगळ्या बारीक चौकटीत लावा. स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या, कारण समुद्राच्या हवेत लोखंड गंजतं आणि सागावर काळे डाग पडतात. यात अवघड काहीच नाही. फक्त सुताराला आधी विचारावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

सरकती खिडकी अर्धीच उघडते. दमट शहरात अर्धा वारा कायमचा बंद करायचा आणि मग त्यासाठी एसी लावायचा, त्याच एसीच्या पाण्याने शेजारची लाकडी खिडकी कुजवायची! जुन्या झडपा पूर्ण उघडतात. तिरप्या पट्ट्यांची झडप तर भर पावसात बंद ठेवूनही घरात हवा खेळवते. हे ज्यांना समजत होतं त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या.

लाकूड मिळत नाही, हा शेवटचा बहाणा. म्यानमारने 2014 पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. तेव्हा आज ताजा 'बर्मा साग' स्वस्तात देणाऱ्याकडे कागद मागा. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग कुठे गेला? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. शिवाय गिरगावात चाळ पडते, पुण्यात वाडा पडतो, तेव्हा शंभर वर्षं वाळलेल्या तुळया ट्रकमधून निघतात. त्यांची हॉटेलांसाठी टेबलं होतात. खिडक्यांसाठी याहून उत्तम लाकूड नाही. मी घेतो, चिरताना आत राहिलेल्या खिळ्यांनी करवतीचं पातं जातं, तरीही घेतो.

एका बैठकीत एका तज्ज्ञाने मला जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलचा 1964 चा व्हेनिस जाहीरनामा ऐकवला: नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखू यायला हवा, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच योग्य. त्याच कलमात आधी म्हटलंय की नवा भाग एकूण इमारतीशी जुळून यावा. ते अर्धं वाक्य त्यांनी गिळलं. माझ्या नव्या खिडक्या ओळखू येतात. झडप उघडली की आतल्या उभ्या धारेवर पटाशीने कोरलेलं वर्ष दिसतं. ज्याला इतिहास शोधायचा आहे त्याला तेवढं पुरेसं आहे.

माझ्याकडे आता दोनच मुलं शिकतात. मॉड्युलर किचनच्या प्लायवूडला कडेची पट्टी चिकटवून त्यांना माझ्यापेक्षा जास्त पैसे मिळतील. ती किती दिवस टिकतील, हे तुम्ही दर कसा लावता यावर ठरेल.

म्हणून विश्वस्तांना, सोसायटीच्या सचिवांना, वाड्याच्या मालकांना माझं सांगणं आहे. निविदा काढण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि झडपेच्या खालच्या पट्टीत जोराने टोचा. मग उभ्या पट्टीत टोचा, मग वरच्या. जिथे तो रुततो तेवढाच भाग बदला. जिथे अडतो, तिथलं लाकूड तुमच्या नातवंडांनाही पुरेल.