सनई कोणी वाजवली?

लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओसमोर रस्ता ओलांडतानाचा फोटो काढून घ्यायला जगभरातून माणसे येतात. १९३१ साली उघडलेल्या या स्टुडिओत बीटल्सनी आपली बहुतेक गाणी ध्वनिमुद्रित केली. २०१० साली तर तेथील झेब्रा क्रॉसिंगही वारसा यादीत गेले. चार पांढऱ्या पट्ट्यांचे केवढे हे कौतुक! असो. माझे भांडण त्या पट्ट्यांशी नाही.

वाचकहो, बीटल्सच्या एका गाण्याचे वादन आपल्या मुंबईत झाले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी फोर्टमधील फिरोजशहा मेहता रोडवरच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आला. कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणले. स्टुडिओत बाहेरचा आवाज अडवण्याची सोयच नव्हती. खालच्या टॅक्सी ऐकू येत, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, असे हॅरिसननेच पुढे सांगितले आहे. कंपनी तीच, पण लंडनचा थाट वेगळा आणि मुंबईचा वेगळा!

तेथेच 'द इनर लाइट'चे वादन झाले. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद आशिष खाँचा, सनई हनुमान जाधवांची. गायन मागाहून लंडनला झाले. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या मागल्या बाजूला हे गाणे निघाले, तेव्हा तबकडीवर नाव होते फक्त बीटल्सचे. हॅरिसनवर अन्याय नको. 'वंडरवॉल'च्या मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर शरद जाधव, हनुमान जाधव, केंकरे अशी वादकांची नावे छापली होती. म्हणजे छापायचे ठरवले तर जागा होते!

दिवाळीच्या सुट्टीत मी तो रस्ता पाहून आलो. पालीहून बस, भाईंदरहून लोकल, चर्चगेटपासून पायी. एका पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "कोण बीटल? कुठल्या मजल्यावर?" मला हसू आले, पण त्याचे काय चुकले?

माझा मित्र म्हणतो, वादकाला पैसे मिळाले, व्यवहार संपला, नाव कशाला? त्याला मी आमच्या घरी बोलावले आहे. माझे बाबा मासेमारी करतात आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. माझ्या जन्माआधी त्यांनी एका कंपनीच्या कोळीगीतांच्या कॅसेटमध्ये वाजवले. वेष्टनावर गायक आहे, गीतकार आहे, कंपनीचा पत्ताही आहे. वादकांच्या जागी 'आणि साथीदार'. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. माझे नाव या अंकात छापून येईल. बाबांचे कुठे आले?

म्हणून फिरोजशहा मेहता रोडवर उद्या कोणी फलक लावणार असेल, तर त्यावर हॅरिसनचे नाव खुशाल असावे, पण वरच्या ओळीत जाधव, केंकरे, चौरसिया असावेत. अक्षरे सारख्याच आकाराची.

घरी ती कॅसेट लागली की दुसऱ्या गाण्यात, कडव्यानंतर, बाबा जाळे विणता विणता बोट वर करतात आणि म्हणतात, "हा मी."