दाखल्याची शिस्त

शोधनिबंध नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वी त्याच्या अखेरीस जोडावयाची संदर्भसूची विहित नमुन्यात बसविणे, हे आपल्याकडील पुष्कळ अभ्यासक मजकूर संपल्यानंतर निरुपायाने उरकावयाचे कारकुनी काम समजतात. आणि स्वल्पविराम कोठे द्यावा, ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत घ्यावे की अवतरणचिन्हांत, वर्ष नावालगत असावे की ओळीच्या शेवटी, एवढाच त्यातील प्रश्न असता तर ती समजूत मीही मान्य केली असती, कारण तेवढे काम झोटेरोसारखी विनामूल्य संगणकप्रणाली आता क्षणार्धात करून देते. परंतु आपल्या किनाऱ्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यास नमुना पाळण्याच्याही आधी एक निराळा विचार करावा लागतो, तो असा की आपण दिलेल्या दाखल्याच्या आधाराने दुसरा मनुष्य मूळ कागदापर्यंत पोहोचू शकेल किंवा नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याचेच उदाहरण घ्यावे. या एका जलदुर्गाविषयीचे कागद कोल्हापूरच्या दरबारी दफ्तरात आहेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनमध्ये कंपनी सरकारच्या दफ्तरांत आहेत, शिवाय गोव्यातील पोर्तुगीज संग्रहात आहेत. इंग्रजांनी १७६५ मध्ये हा किल्ला घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेविले, त्यामुळे त्या काळच्या पत्रव्यवहारात ‘सिंधुदुर्ग’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि १८८० च्या मुंबई इलाखा गॅझेटियरमध्ये या परगण्याची हकिकत रत्नागिरी व सावंतवाडी यांच्या दहाव्या खंडात आहे, कारण सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा १९८१ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. ज्या नावाने कागद दफ्तरी दाखल आहे तेच नाव संदर्भात प्रथम द्यावे आणि आजचे नाव त्यापुढे कंसात लिहावे, हा नियम कोणत्याही शैलीपुस्तिकेच्या आड येत नाही. तरी तो पाळलेला क्वचितच आढळतो.

चुकीच्या दाखल्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हे आपण इकडच्या लोकांनी तरी विसरता कामा नये. पुण्यात राहणाऱ्या अभ्यासकास रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांक चुकीचा मिळाला तर त्याची एक दुपार फुकट जाते. मालवणच्या किंवा कणकवलीच्या महाविद्यालयातील अध्यापकाने मात्र रजा मंजूर करून घेऊन, रात्रीच्या गाडीने पुणे गाठून, अर्ज देऊन रुमाल मागवावा आणि त्यात तो कागदच नसावा, म्हणजे त्याचा त्या वर्षाचा उत्साह संपला असे समजावे. दफ्तरापासून जो दूर आहे त्याचा सारा भरवसा छापील संदर्भावर असतो, आणि म्हणूनच संदर्भ बिनचूक देणे हे मी विद्वत्तेचे भूषण न मानता शेजारधर्म मानतो.

आता नमुन्याविषयी. शिकागो पद्धतीचे पुस्तक १९०६ मध्ये प्रथम निघाले, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची, म्हणजे एपीए म्हणून ओळखली जाणारी पद्धत १९२९ मध्ये सुरू झाली. त्या दोन्हींचा जन्म तिकडील छापील ग्रंथांच्या आणि प्रयोगशाळांच्या गरजेतून झाला, ही गोष्ट दोषास्पद नाही, पण लक्षात ठेवण्याजोगी आहे. आमच्याकडे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले, पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले, आणि या थोर परंपरेत पत्राचा दाखला खंड व लेखांक यांनी देण्याचा प्रघात पडला. हा प्रघात अत्यंत शहाणपणाचा आहे, कारण पुनर्मुद्रणात पृष्ठे बदलतात, लेखांक तोच राहतो. असे असता नियतकालिक पृष्ठांक मागते म्हणून लेखांक गाळून टाकणारे तरुण अभ्यासक पाहिले म्हणजे मला फार वाईट वाटते. पृष्ठांक अवश्य द्यावा, लेखांक मात्र सोडू नये. संपादकाने तो छाटला तर त्यास नम्रपणे पण निक्षून पत्र लिहावे.

तारखेची बाब याहूनही नाजूक आहे. सिंधुदुर्गाचा पायाभरणी समारंभ मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६ रोजी झाला असे आपण मानतो आणि त्याची तारीख सर्वत्र २५ नोव्हेंबर १६६४ अशी छापली जाते. ती ज्युलियन गणनेची आहे, आणि आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस ५ डिसेंबरचा येतो. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी गणना स्वीकारली होती, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणून एकाच दिवशी गोव्याहून आणि इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीतून निघालेल्या पत्रांवर सतराव्या शतकात दहा दिवसांचे अंतर दिसते. इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला पालटत असे, त्यामुळे १६६४ च्या जानेवारीतील सुरतेच्या लुटीची त्यांची पत्रे १६६३ सालची म्हणून नोंदलेली सापडतात. त्यात आमच्या मराठी कागदांवरील सुहूर सन मृगाच्या सुमारास सुरू होणारा, म्हणजे त्याच्या एका वर्षात इसवी सनाची दोन वर्षे येणार. मूळ कागदावरील मिती जशीच्या तशी, मग काढलेली तारीख, आणि ती कोणत्या गणनेची याचा स्पष्ट उल्लेख, या तीन गोष्टी एकत्र दिल्याखेरीज असला संदर्भ पुरा झाला असे मी म्हणणार नाही.

अखेरची गोष्ट सचोटीची आहे, आणि ती सांगताना मला भीड वाटत नाही. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरातील पोर्तुगीज कागद आयुष्यभर वाचून जे प्रसिद्ध केले, त्यातून एखादे पत्र घ्यावे आणि तळटीपेत मात्र पिसुर्लेकरांचे नाव वगळून थेट पोर्तुगीज संग्रहाचा क्रमांक द्यावा, जणू काही ते जीर्ण पान आपणच उलटले, हा प्रकार वाढत चालला आहे. ज्याने कागद वाचला त्याचे श्रम बुडतात, आणि त्याच्या वाचनात एखादा दोष राहिला असेल तर तो स्वतंत्र पुराव्याचा वेष घेऊन पुढे चालतो. आपण जो ग्रंथ पाहिला त्याचाच दाखला द्यावा आणि मूळ कागद त्यात उद्धृत आहे असे लिहावे. प्रत्येक मान्य पद्धतीत याची सोय आहे.

जाता जाता लिपीविषयीही सांगितले पाहिजे. पिसुर्लेकरांचेच आडनाव रोमन लिपीत कोठे पोर्तुगीज वळणाने शेवटच्या ‘कर’मध्ये ‘सी’ घेऊन तर कोठे इंग्रजी वळणाने ‘के’ घेऊन येते, आणि संगणकाच्या गणतीत एका विद्वानाचे दोन होतात. इंग्रजी नियतकालिकांनी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिप्यंतराबरोबर देवनागरीतही छापावी, ही मागणी आपल्या विद्यापीठांतील अभ्यासमंडळांनी लेखी करावयास हवी, आणि ती मान्य होईपर्यंत अभ्यासकांनी आपल्या हस्तलिखितात दोन्ही रूपे देत राहावे.