मार्चअखेरचा चुना

रायपूरच्या मातीखाली चुनखडीच आहे. शंभर कोटी वर्षांहून जुनी, थरांवर थर चढलेली. जुन्या घरांच्या अंगणातल्या फरश्या तिच्याच, आणि बैकुंठ, हिरमी, बलौदाबाजारकडचे सिमेंटचे कारखानेही तिच्याच जिवावर उभे राहिले. सिमेंट इथे दारातच पिकतं म्हणा ना. त्यामुळे जुन्या इमारतीला तडा गेला की ठेकेदाराचा हात आपोआप गोणीकडे जातो आणि त्याला अडवणाराच वेडा ठरतो.

बूढा तालाबच्या बाजूला, पुरानी बस्तीत, अशी डागडुजी झालेली एखादी भिंत जवळून पाहा. खालच्या छातीभर उंचीवर सिमेंटचा करकरीत गिलावा. त्याच्या वरच्या कडेला, जुन्या चुन्यावर, ओलीचा आडवा पट्टा आणि त्याच्याभोवती पांढरी फुलं, म्हणजे लोणा. जमिनीतून चढणाऱ्या ओलीला पूर्वी भिंतीच्या पायथ्याशीच बाहेर पडता येत होतं. आता वाट बंद झाल्यावर ती आणखी हातभर चढून बाहेर आली. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करा, डब्यासारखा आवाज येतो. दोन-चार वर्षांत तो पापुद्रा सुटतो तेव्हा एकटा येत नाही, विटेचा चेहराही सोबत घेऊन येतो. मागे उरते ती भुगा झालेली लाल पोकळी. मग मालक म्हणतो, विटाच कच्च्या होत्या हो. शंभर वर्षं ज्यांनी काही तक्रार केली नाही, त्या विटा!

घोळ ‘मजबूत’ या हट्टात आहे. आपल्या मानकांत एकास पाच सिमेंट-वाळूच्या मसाल्याची ताकद ५ मेगापास्कल धरतात. साध्या चुना-वाळूच्या मसाल्याला १ सुद्धा देत नाहीत. हे आकडे पाहून अभियंता सिमेंट निवडतो यात नवल नाही. पण विटांच्या मानकातला सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे, आणि जुनी हातवीट बहुधा त्याच्याच आसपास असते. म्हणजे दरजेत भरलेला मसाला विटेहून टणक झाला. भिंत उन्हात फुगते, थंडीत आकसते, पाया थोडा बसतो. ती हालचाल कुणीतरी सोसायची असते. मसाला मऊ असला तर तो केसाएवढा चिरतो, पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून ती चीर पुन्हा भरतंही. मसाला टणक असला तर वीट फुटते. दरजा पन्नास वर्षांनी उकरून पुन्हा भरता येतात, फुटलेली वीट भरता येत नाही.

मसाला म्हणजे सरस नव्हे, दोन विटांमधली गादी आहे. हे ज्याला पटत नाही त्याने महासमुंद जिल्ह्यातल्या सिरपूरला जाऊन लक्ष्मण मंदिर पाहावं. सातव्या शतकात वासटा राणीने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधवलेलं हे विटांचं देऊळ. विटा इतक्या चपखल बसवून त्यांवर कोरीव काम केलंय की सांधा शोधावा लागतो. पुढचा मंडप गेला, खांबांचे बुडखे तेवढे उरले, पण गर्भगृह आणि शिखर उभं आहे. ते वजनावर आणि घडणीवर उभं आहे, चिकटण्यावर नाही.

आपल्या मराठी मंडळींना नागपूरकर भोसल्यांच्या खुणांचं प्रेम असतं. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरात होते, रायपूरच्या दूधाधारी मठात मराठा काळातली भित्तिचित्रं आहेत, हे आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. चुन्याच्या मसाल्यात गूळ, बेलफळ, उडीद, मेथी घालत, ही कथाही सर्वांना तोंडपाठ असते. चुन्याची घाणी फिरवायला मात्र कुणी तयार नसतं. गुळाने चुना पाण्यात जास्त विरघळतो हे खरंच. पण चुना नीट विझलेला नसेल तर गुळाचं पोतं ओतूनही उपयोग नाही. कळीचा चुना टाक्यात विझवायचा, आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवायचा, मग वाळू आणि विटेच्या सुरखीबरोबर मळायचा. शंभर किलो चुनखडी भट्टीत भाजली की ४४ किलो वायू उडून जातो, ५६ किलो कळी उरते; भिंतीत गेल्यावर चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत ओढून घेत पुन्हा दगड होतो. खोल थरापर्यंत ते पोचायला महिने लागतात आणि तोवर भिंतीत थोडी ओल टिकावी लागते.

इथेच आपली सरकारी दिनदर्शिका आडवी येते. निधी ३१ मार्चच्या आत खर्चायचा, म्हणून कामाला खरा वेग येतो फेब्रुवारीनंतर. खर्च कागदावर मार्चमध्ये पडतो, पण चुन्याचा गिलावा प्रत्यक्षात लागतो एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४५ च्या घरात असताना. सकाळी लावलेला थर दुपारपर्यंत कोरडा. त्याचा दगड होत नाही, पीठ होतं. जूनमध्ये पाऊस येतो आणि पीठ वाहून जातं. मग बैठकीत ठरतं की चुना काही आता चालत नाही, पुढच्या वेळी सिमेंट घ्या. दोष मुहूर्ताचा, बदनाम झाला चुना. ठेकेदार तर याहून हुशार. तो सिमेंटमध्ये घमेलंभर चुन्याची फक्की मिसळतो आणि पाटीवर ‘पारंपरिक पद्धतीने जीर्णोद्धार’ लिहितो.

सिमेंट अस्पृश्य आहे असं माझं म्हणणं नाही. वाकलेल्या भिंतीला पोलादी सळईचा ताण द्यावा, नव्या पायाला काँक्रीट घालावं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतींच्या दोन पाकळ्या सुटून कोसळल्या. त्यानंतर भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारे बंध घालायला आपण शिकलो, आणि त्यात आधुनिक साहित्य बिनदिक्कत वापरलं. पण बळकटी जिथे हवी तिथे नेमकी द्या. सगळ्या भिंतीवर सरसकट थापू नका.

१८७५ साली राजनांदगावच्या महंत घासीदासांनी संग्रहालयासाठी बांधून दिलेली रायपुरातली अष्टकोनी इमारत किंवा इथला टाऊन हॉल यांची पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा निविदा एप्रिलमध्ये काढा. चुना विझवण्याच्या टाक्यांना त्यात वेगळी बाब आणि वेगळा दर द्या, म्हणजे ते काम ठेकेदार फुकटात टाळणार नाही. पावसाळाभर चुना भिजू द्या. तोवर इमारतीच्या मागल्या बाजूला, पावसाच्या अंगाला, मीटरभर भिंतीवर तीन-चार मसाले लावून ठेवा आणि ऑक्टोबरात कोणता टिकला ते पाहून ठरवा. मुख्य काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ओल्या गोणपाटाखाली. आणि बिलाची शेवटची रक्कम पुढचा पावसाळा उलटल्यावर द्या.