हप्ता सातबाऱ्याचा की कसणाऱ्याचा?

पुण्यात कुणाकडे बसलो आणि शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: सरकारनं फुकट पैसे वाटून शेतकऱ्याला आळशी करून ठेवलं. मी जुन्नरचा. हे मला निमूटपणे ऐकून घेता येत नाही.

आधी हिशेब करू. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,०००. ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. दोन्ही मिळून दिवसाला ३३ रुपये पडतात. एवढ्यावर कुणी वावर पडीक टाकत नाही. खतं-औषधांच्या दुकानातली उधारीच त्यातून जेमतेम फिटते. मोठे बागायतदारही हे पैसे लाटतात, असा दुसरा आक्षेप. आयकर भरणारा मुळात नियमात बसत नाही, आणि तरी ज्यांनी घेतले त्यांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. करा वसूल. पण त्यांच्यापायी एकरभरवाल्याला झोडपू नका.

आता २०२३ चा कांदा घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळला. सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. त्याला सुरुवातीला सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची अट होती. पैसे यायला सप्टेंबर उजाडला. त्याआधीच, १९ ऑगस्टला, केंद्रानं ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात तर निर्यातच बंद केली. बराखीत कांदा राखून भावाची वाट पाहिलेल्या घराला याची झळ लागली. शहरात कांदा स्वस्त मिळावा म्हणून ज्याचा भाव पाडला, त्याला मिळालेले हे पैसे म्हणजे अर्धीमुर्धी भरपाई आहे. फुकट त्यात काहीच नाही.

अनुदान नको, भाव द्या, असं शेतकरी संघटना सांगत आली. शरद जोशींनी आमच्याच जिल्ह्यातल्या चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं, तेव्हापासूनचं हे म्हणणं. मला ते मनापासून पटतं, पण पुरं पडत नाही. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरं घरच्या खाण्यापुरतीच पिकतात. रोकड येते ती हिरड्याची आणि नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरल्याची. विकायला मालच नसेल तर वाढलेला भाव त्यांच्या पदरात काय टाकणार? त्यांना हप्ताच हवा.

आणि नेमका तिथंच तो अडतो, कारण योजना सातबारा बघते, राबणारे हात बघत नाही. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद रखडलेली. वाट्यानं करणाऱ्याचं नाव तर कुठंच नाही. लिहून दिलं तर कूळ लागेल, या धास्तीनं मालक कागद करत नाही. ही धास्ती मी घरोघर पाहिली आहे, ती खोटी नाही. म्हणून मालकी हक्काला धक्का लागणार नाही असं कायद्यानं स्पष्ट करून, पीक पाहणीतच कसणाऱ्याचं नाव घ्यावं आणि मदत त्या नावावर जावी. वारसनोंदीसाठी तलाठ्यानं वाडीवर येऊन बसावं.

पीएम किसानच्या ई-केवायसीच्या वेळी सेवा केंद्रात एक मावशी पुढं होत्या. नवरा गेल्यावर जमीन त्यांच्या नावावर आलेली. यंत्रावर अंगठा उमटेना. कांदा काटून काटून रेषाच झिजल्या होत्या. पदराला बोट पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या. चौथ्या खेपेला जमलं. सोबत आलेली जाऊ बाहेर पायरीवर बसून होती. दोघी एकाच वावरात राबतात. जावेच्या नावावर काही नाही, म्हणून तिला आत यायचं कारणच नव्हतं.