निमंत्रणाची पळवाट

१/६
व्यावसायिक गोल्फमधील खेळाडूंच्या हक्कांची चर्चा आज बक्षिसाच्या रकमेभोवती फिरते. इतिहास मात्र त्याआधीचा प्रश्न विचारतो: मैदानावर उतरू कोणाला दिले जाते?

२/६
अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, म्हणजे पीजीएने, १९३४ साली सदस्यत्व गौरवर्णीयांपुरते मर्यादित केले. स्पर्धेत ठरावीक वेतन नसते. जो खेळतो तोच कमावतो. त्यामुळे हा नियम म्हणजे रोजगारबंदीच होती.

३/६
जानेवारी १९४८. लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या ६० जणांत आल्याने बिल स्पिलर आणि टेड ऱ्होड्स हे कृष्णवर्णीय खेळाडू रिचमंड ओपनसाठी पात्र ठरले. तेथे सदस्यत्वाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना परत पाठवण्यात आले.

४/६
त्यांनी दावा दाखल केला. भेदभाव न करण्याच्या पीजीएच्या आश्वासनावर तो मागे घेतला गेला. पुढे स्पर्धाच ‘निमंत्रितांच्या’ झाल्या आणि निमंत्रण आयोजकांच्या मर्जीवर राहिले.

५/६
स्पिलर यांनी चरितार्थासाठी इतरांच्या गोल्फच्या पिशव्याही वाहिल्या. त्यांची तक्रार कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांच्या दबावानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हा स्पिलर ४८ वर्षांचे होते.

६/६
२००९ साली पीजीएने दोघांना मरणोत्तर सदस्यत्व दिले. त्याने नोंद दुरुस्त झाली, बुडालेली कमाई परत आली नाही. म्हणूनच माझ्या मते, न्याय्य मोबदल्याची चर्चा बक्षिसाच्या आकड्यापासून नव्हे, प्रवेशाचे नियम कोण लिहितो येथपासून सुरू व्हायला हवी.